धुऱ्यावरच्या लाल खुंट्या

आमच्या वावराच्या वरच्या अंगाला टेकाड आहे. त्या टेकाडावर एका सकाळी खांब दिसला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी नुकतीच निवृत्त झाले होते. घरी बसायची सवय नव्हती, म्हणून रोज सकाळी वावरात चक्कर टाकत होते. चार-पाच दिवस तापामुळे गेले नाही, तेवढ्यात हे काम उरकलेलं. उंच, बारीक लोखंडी खांब, चारी बाजूंनी तारांनी ताणून धरलेला. वर टोकाला तीन वाट्या गरगर फिरत होत्या. खाली काटेरी तारेचं कुंपण आणि कुलूप घातलेली एक पेटी. पाटी नव्हती, राखणदारही नव्हता.

आमचं गाव अमडापूरहून आत आहे. बाजाराला अमडापूर, कोर्टकचेरीला चिखली. टेकाड ई-क्लासचं, म्हणजे सरकारी चराईचं, त्यामुळे खांबाला हरकत घ्यायला कोणी मालक नव्हता. चहाच्या हॉटेलात मात्र आठवडाभर तोच विषय. कोणी म्हणे मिलिटरीचं आहे, कोणी म्हणे जमिनीखाली काही सापडलंय. मी सातवीला विज्ञान शिकवलेलं, म्हणून लोकांनी मला विचारलं. मी सांगितलं, वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आहे. वर्षभर मोजतील, वारा पुरेसा निघाला तर पवनचक्क्या उभ्या करतील.

"पन बाई, हे उभं करताना कोनाले विचारलं?" एकानं विचारलं.

मी जाऊन विचारते म्हटलं. ग्रामसेवकाला विचारलं तर तो म्हणाला, वरून पत्र आलंय. पत्र दाखवा म्हटलं तर म्हणाला, पंचायत समितीत आहे. पंचायत समितीत विचारलं तर ते म्हणाले, ग्रामपंचायतीतच असेल. तेव्हापासून त्या गरगरणाऱ्या वाट्यांकडे मी विज्ञानाच्या नजरेनं पाहायचं सोडून दिलं.

आमचं वावर चार एकर, त्यातलं निम्मं बरड, खडकाळ. सासऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबून तुकड्या-तुकड्यानं घेतलेलं. ते गेल्यावर सातबाऱ्यावर माझ्या सासूबाईंचं नाव लागलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, पण डोकं अजून ठिकाणावर. माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. त्यांचा स्वभाव असा, की कोणतीही गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय कानावर घेत नाहीत आणि तिसऱ्यांदा सांगितलं की उठून जातात. त्यामुळे वावर, कागदपत्रं, तलाठी हे सगळं माझ्याकडे.

या वावराला रस्ता नाही. गावातून निघालेली पांदण शेजाऱ्याच्या शेतापर्यंत येते आणि तिथे संपते. पुढे आमच्या वावरात जायचं तर त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. शेजारी मोठा शेतकरी, गावात वजन असलेला, माझ्या यजमानांपेक्षा दहा वर्षांनी मोठा. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, आत्याबाई पाटील म्हणतात. ते मला बाई म्हणतात, सगळं गावच म्हणतं. भाऊंनी कधी वाट अडवली नाही, हे खरं सांगायला हवं. पण दरवेळी विचारावं लागे. सोयाबीनची पोती काढायची, विचारा. शेणखत न्यायचं, विचारा. ते कधी लगेच हो म्हणत, कधी म्हणत, "आज नको बाई, मह्या तुरीले पानी सोडलं, चिखल हाये. परवा न्या." परवा नेलं जाई. त्यांचे बैल आमच्या वावरातल्या सिमेंट बंधाऱ्यावर पाण्याला येत. त्यांनी कधी विचारलं नाही, आम्हीही कधी म्हटलं नाही की विचारा.

खांब लागून काही महिने झाले आणि पांढऱ्या गाडीतून एक माणूस आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुण्याकडचं. कंपनीसाठी जमिनीचं काम पाहतो म्हणाला. ओसरीत बसला, चहा अर्धाच प्यायला, आणि आमचा गट नंबर मला पाठ नसेल इतका त्याला पाठ होता. माझा मुलगा नाशिकला असतो, हेही त्याला माहीत होतं.

"मॅडम, तुमच्या जमिनीत आम्हाला काहीच उभं करायचं नाही," तो म्हणाला. "चक्की टेकाडावर. फक्त तिथे जायला एक रस्ता लागेल. पाती लांब असतात, मोठे ट्रेलर येतात. तुमच्या कडेकडेनं जाईल."

"कागद ठेवून जा. वाचते आणि सांगते."

"कागद ठेवता येत नाही मॅडम. कंपनीचा नियम आहे. तुम्ही इथेच वाचा, मी बसतो."

मी वाचायला लागले. अकरा पानं, बारीक अक्षर. दुसऱ्या पानावर होते तोवर त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा त्याचा फोन वाजला. फोनवर बोलत-बोलतच त्यानं माझ्यासमोरची पानं गोळा केली, जणू बोलण्याच्या नादात. मी पस्तीस वर्षं पोरं सांभाळली आहेत. नादात केलेलं आणि ठरवून केलेलं मला कळतं.

"आम्हाला द्यायचा नाही रस्ता," मी म्हणाले.

"विचार करा मावशी," तो हसून म्हणाला. मॅडमची मावशी झाली तेव्हाच मला कळलं की हा परत येणार. आत्याबाई आतल्या दारात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना ऐकू कमी येतं, असं मी धरून चालले.

त्या पावसाळ्यात मोठा खंड पडला. ढग यायचे, टेकाडापर्यंत भरून यायचे आणि फुटून जायचे. सोयाबीन दुपारी माना टाकायचं. गावात बोललं जाऊ लागलं की तो खांब ढग फोडतो. सोनारखेलाकडच्या एका मोठ्या शेतकऱ्यानं म्हणे कुठे तरी पाहिलं होतं, पवनचक्क्या आल्या आणि पाऊस गेला. देवळापुढे बैठक झाली. मला बोलावलं. मी समजावलं की एवढ्याशा वाट्या ढगाला काही करू शकत नाहीत, ढग त्याच्या कितीतरी वर असतात. लोकांनी ऐकून घेतलं. परत येताना एक म्हातारी माझ्याशेजारी चालत होती. ती म्हणाली, "बाई, तुमी कंपनीकडून बोलून राह्यल्या का?"

मला राग आला, आणि घरी आल्यावर एकटी बसले तेव्हा भीतीही वाटली. कारण मी तिला दोष देऊ शकत नव्हते. मीही त्याच दिवसांत प्रत्येकाकडे तसंच पाहत होते. ग्रामसेवकानं नवा मोबाइल घेतला, तो कुठून आला? पांढरी गाडी सरपंचाच्या दारात तासभर का उभी होती? भाऊंच्या मळ्यात ठिबकच्या नव्या नळ्या पडल्या, त्या काय यंदाच का? यजमानांना मी विचारलं, तुमच्याकडे कोणी आलं होतं का, मला न सांगता? ते म्हणाले, "मह्याकडे कोन येते?" आणि उठून गेले.

गणपती बसायच्या सुमाराला मला पेन्शनच्या कामानं आणि डोळे तपासायला बुलढाण्याला जावं लागलं. दोन दिवस बहिणीकडे राहिले. परत आल्यावर चारेक दिवसांनी वावरात गेले तर आमच्या हद्दीत, भाऊंच्या धुऱ्याला लागून, एका ओळीत लाकडी खुंट्या ठोकलेल्या. टोकाला लाल रंग. ओळ सरळ टेकाडाकडे गेलेली. तुरीचं एक-एक झाड जपून, मधेच वाकडी होऊन गेलेली. म्हणजे चोरून नव्हतं केलेलं. सावकाश, मोजून, दिवसाउजेडी केलेलं काम होतं.

मी एक खुंटी उपटायला वाकले आणि थांबले. आधी कागद पाहावा म्हटलं.

तलाठी म्हणाला, त्याच्याकडे काही नोंद नाही. चिखलीत कंपनीनं एक घर भाड्यानं घेऊन ऑफिस मांडलं होतं. मी एसटीनं तिथे गेले. पांढऱ्या गाडीवाला नव्हता. एक मुलगी संगणकापुढे होती. तिला मी गट नंबर सांगितला आणि म्हणाले, आमच्या संमतीची झेरॉक्स द्या. शाळेतल्या आवाजात म्हणाले असणार, कारण तिनं कोणाला न विचारता कपाट उघडलं.

पहिल्या पानावर आत्याबाईंचं नाव. शेवटच्या पानावर निळ्या शाईचा अंगठा. तारीख मी बुलढाण्यात होते त्या दिवसाची. खाली साक्षीदाराची सही. ती सही मला ओळखायला दुसऱ्यांदा पाहावी लागली नाही. शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या रजिस्टरात ती मी कितीतरी वर्षं पाहिलेली. भाऊंची.

परतीच्या एसटीत मी सगळं जुळवलं. आत्याबाई घराबाहेर पडत नाहीत. मला न विचारता त्या गॅस सिलेंडरच्या पावतीवरही अंगठा देत नाहीत. म्हणजे अंगठा दुसऱ्याच कोणाचा. कंपनीला रस्ता हवा होता, भाऊंना कंपनीशी जमवून घ्यायचं होतं, मी नाही म्हटलं होतं, आणि मी गावात नाही हे भाऊंना माहीत होतं. मीच तर जाण्याआधी सांगितलं होतं, दोन दिवस नाही, वावराकडे जरा नजर असू द्या. झेरॉक्सवरचा अंगठा मी पुन्हा-पुन्हा पाहिला. मला वाटलं, हा पुरुषी आहे, रुंद आहे.

घरी कोणाला बोलले नाही. आत्याबाईंना तर नाहीच. या वयात त्यांना कळलं की आपल्या नावानं कोणी अंगठा मारला, तर त्यांच्या जिवाला लागेल, असा मी विचार केला. आज लिहिताना वाटतं, विचारलं नाही याचं खरं कारण ते नव्हतं. मला उत्तर आधीच मिळालं होतं आणि ते मला पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गडी लावून बोरीच्या काट्या तोडल्या आणि बंधाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आडव्या टाकल्या. भाऊंचे बैल त्याच वाटेनं पाण्याला येत. मी तिथेच लिंबाखाली बसून राहिले. भाऊ आले. काट्या पाहिल्या. माझ्याकडे पाहिलं.

"बाई, रानडुकरं येऊन राह्यले का?" त्यांनी विचारलं.

"डुकरं नाही," मी म्हणाले.

त्यांनी कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मला वाटलं, आता विचारतील, आता भांडण होईल, मी झेरॉक्स पिशवीतून काढीन. पण त्यांनी काही विचारलं नाही. बैल वळवले आणि गेले. बैलांना रोजची सवय, ते दोनदा मागे वळून थांबले. भाऊंनी त्यांना चाबूक न दाखवता नुसतं चुचकारून नेलं. त्यांनी विचारलं नाही, हाच माझ्या लेखी गुन्ह्याचा पुरावा झाला. ज्याचं मन साफ आहे तो विचारतो, असं मी यजमानांना रात्री जेवताना म्हणाले. कोणाबद्दल ते सांगितलं नाही.

हे दहा-बारा दिवस चाललं. भाऊ त्यांच्या विहिरीवरून बैलांना बादलीनं पाणी पाजू लागले. रस्त्यात भेटले तर ते नेहमीसारखं "जयभीम बाई" म्हणत आणि मी दुसरीकडे पाहत असे. गावात लगेच कुजबुज झाली. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं की भाऊ कंपनीचे झाले आहेत. दुसऱ्यानं भाऊंना सांगितलं असेल की बाईला जास्त पाहिजे आहे. मला त्या पहिल्याचं म्हणणं गोड वाटलं होतं. ते लिहून ठेवायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

मग एका दुपारी आत्याबाईंनी मला हाक मारली. त्या बाजेवर बसल्या होत्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईनं त्यांना काट्यांचं सांगितलं होतं.

"पाटलाच्या बैलाची वाट बंद केली म्हंते तू?"

"हो."

"काऊन?"

मी टाळाटाळ केली. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. शेवटी मी झेरॉक्स आणली, त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या नावावर कोणीतरी अंगठा मारला. भाऊंनी साक्ष दिली."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. वाचता येत नाही त्यांना. शेवटच्या पानावर बोट ठेवलं, निळ्या ठशावर.

"कोनीतरी नाही. माहाच हाये हा."

मी ठशाकडे वाकून पाहिलं.

"म्याच पाटलाले सांगतलं होतं. म्हनलं, त्या मानसाले घेऊन या, बाई गावाले गेली तवा. ते घरी असली तं देऊ देनार नाही मले." त्या अगदी साध्या आवाजात बोलत होत्या. "पाटील नाही म्हने. म्हने, बाईले विचारा. म्या म्हनलं, वावर कोनाच्या नावावर हाये? मंग आनला त्यानं. समदा कागद दोनदा वाचून दाखवला मले. मंग अंगठा देल्ला. आन् म्याच शपथ घातली, बाईले सांगसान तं पाहा."

"पण कशासाठी आत्याबाई? कंपनीच्या पैशासाठी?"

"पैसे तुह्या नवऱ्याले दे." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "जलमभर त्या धुऱ्यावरून विचारून गेलो. तुह्या सासऱ्याचा लाकूडफाटा, खत, पोते, समदं विचारून. डोक्यावर भारा अन् धुऱ्यावर उभं राहून हाक मारायची, येऊ का म्हनून. पाटलानं कधी नाही नाही म्हनलं. त्याच्या बापानं म्हनलं होतं. तू आली तवापासून सायब झाली, तुले विचारायची लाज नाही वाटत, तू बाई हायेस. मले वाटे. मले मरायच्या आधी माह्या वावरात विचारल्याबिगर जायचं हाये."

त्या एवढं सलग कधी बोललेल्या मला आठवत नाहीत. मी त्यांच्या पायाशी खाली बसले. पंचवीस वर्षं मी बाबासाहेबांच्या जयंतीला भाषणं केली, आणि माझ्या घरातल्या माणसाला धुऱ्यावर उभं राहून हाक मारायला काय वाटत असेल हे मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी मी वावरात गेले. गडी नव्हता. काट्या मीच ओढून बाजूला केल्या, हाताला दोन-तीन ओरखडे आले. मग भाऊंच्या मळ्यात गेले. ते मोटारीच्या पेटीजवळ बसून तंबाखू चोळत होते.

"भाऊ, माझी चूक झाली," मी म्हणाले. "आत्याबाईंनी सांगितलं मला."

"सांगतलं का?" त्यांना बरं वाटलेलं दिसलं. "म्या नाही सांगतलं बरं."

"तुम्ही मला त्या दिवशी तिथेच का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती बुढीनं."

मी तिथून निघायला हवं होतं. पण शंका एकदा सवयीची झाली की माफी मागतानाही सोबत येते. खुंट्यांची ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती. ती भाऊंच्या धुऱ्याला अगदी चिकटून, पण पूर्ण आमच्या हद्दीत होती. मी विचारलं, "भाऊ, रस्ता आधी कुठून जाणार होता?"

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. खाली पाहिलं.

"मह्या वावरातून," ते म्हणाले. "त्याईचा पयला नकाशा तसाच होता. म्या नाही म्हनलं. मही काळी जमीन हाये, तुमची तिथं बरड."

"म्हणजे आत्याबाईंनी अंगठा दिला तर तुमचं वावर वाचत होतं."

"हाव."

"मग तुम्ही त्यांच्यासाठी केलं की तुमच्यासाठी?"

बाजूला वळून ते थुंकले. मोटारीचं पाणी पाटात पडत होतं. मग म्हणाले, "बाई, दोन्ही. बुढीनं बोलावलं नसतं तं म्या सोताहून आलो नसतो. पन बोलावलं तवा बरं वाटलं. खोटं कायले बोलू?"

मी घरी आले. त्यांच्यावर मी रागावू शकले नाही आणि पूर्ण विश्वासही टाकू शकले नाही. आजही तसंच आहे. आम्ही बोलतो, चहा पितो, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातो. पण त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की मी ती मनात एकदा उलटून पाहते. तेही माझ्याबद्दल तसंच करत असतील. मी काट्या टाकल्या होत्या.

पुढचं काम मात्र मी सोडलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात आत्याबाईंना रिक्षानं चिखलीला नेलं. पांढऱ्या गाडीवाला होता. मला पाहून उठून उभा राहिला.

"मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"मॅडम म्हणा," मी म्हणाले. "रस्ता ज्यांच्या जमिनीतून जातोय त्या या. त्यांना एक वाक्य घालायचंय कागदात."

वाक्य मी घरून लिहून नेलं होतं. हा रस्ता जमीनमालक, त्यांचे वारस, त्यांची बैलगाडी, ट्रॅक्टर आणि मजूर यांना कोणत्याही वेळी, कोणालाही न विचारता वापरता येईल. त्यानं वाचलं. म्हणाला, हे तर समजून घेतलेलंच आहे, लिहायची गरज नाही. मी म्हणाले, समजून घेतलेलंच असेल तर लिहायला अडचण नाही. तो म्हणाला, वरच्या साहेबांना विचारावं लागेल. आत्याबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "विचार. आमी बसलो हावो."

दुपारपर्यंत बसलो. त्या मुलीनं आम्हाला दोनदा पाणी दिलं. शेवटी ते वाक्य वेगळ्या कागदावर टाईप होऊन, शिक्का-सहीनिशी आलं. मी आत्याबाईंना ते वाचून दाखवलं, मोठ्यानं, दोनदा, भाऊंनी दाखवलं होतं तसं. मग त्यांनी खाली अंगठा दिला. मूळ प्रत मी घेतली, झेरॉक्स कंपनीला ठेवू दिली. तो म्हणाला, नियम उलटा आहे. मी म्हणाले, असू द्या.

दिवाळीनंतर मुरूम पडला. रोलर आला. महिन्याभरात रस्ता तयार झाला, आमच्या वावरातून टेकाडापर्यंत. पांदणीला जोडायला खालच्या बाजूनं एक तुकडा भाऊंनाही द्यावा लागलाच. तो त्यांच्या काळ्या जमिनीतला होता. त्यांनी दिला. मी त्यांना काही विचारलं नाही.

रस्त्यावर माती बसल्यावर आत्याबाईंना यजमानांनी मोटरसायकलवर नाही, मुद्दाम बैलगाडी मागून तिच्यात बसवून नेलं. बैल भाऊंचेच होते. रस्ता जिथे आमच्या हद्दीत शिरतो तिथे कंपनीनं आडवा पाइप लावला होता आणि शेजारी खुर्ची टाकून एक राखणदार बसवला होता. बाहेरगावचा, अंगात जाड जॅकेट.

"कुठं चालल्या आजी?" त्यानं विचारलं. "परमिशन हाये का?"

यजमान काही बोलायच्या आत मी पिशवीत हात घातला. पण आत्याबाईंनी मला हातानं थांबवलं.

"वावरात चाललो," त्या म्हणाल्या. "माह्या. तू कुठला?"

तो म्हणाला, "सिंदखेडराजाकडचा. दुसरबीडच्या अलीकडचा."

"मंग तुह्या वावरात जाताना तू कोनाले विचारतं का?"

तो हसला. मी तरीही कागद दाखवला. त्यानं तो उलटासुलटा पाहिला, फोनवर कोणाशी बोलला, आणि पाइप वर केला. यजमानांनी बैल हाकले. आत्याबाई मागे वळून पाहत नव्हत्या. बंधाऱ्यापाशी उतरल्या, काठी टेकत तुरीत चार पावलं आत गेल्या, एक शेंग तोडून दाणे खाल्ले, आणि म्हणाल्या की तूर यंदा बारीक आहे.

पुढे पाती आली. पहाटेपासून गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं. एवढी लांब वस्तू कोणी पाहिली नव्हती. वळणावर ट्रेलर अडकला, तिथे एक लिंब तोडावा लागला. तो आमचा होता, त्याचा कागद मी आधी करून घेतला होता. आता टेकाडावर एक चक्की आहे, पलीकडच्या डोंगरावर तीन. वारा असला की सूऽ सूऽ असा आवाज येतो, मध्येच थांबतो. पाऊस त्यानंतर एक वर्ष चांगला झाला, एक वर्ष बरा. ढगांचं कोणी आता बोलत नाही. पण ती म्हातारी अजूनही चक्कीकडे पाठ करूनच बसते.

आत्याबाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. शेवटच्या वर्षात त्या पाच-सहा वेळा तरी वावरात गेल्या असतील. एकदा तर एकट्या, शेजारच्या मुलीच्या स्कूटीवर, मला न सांगता. त्या गेल्या तेव्हा भाऊ पहिल्या दिवसापासून आमच्या ओसरीत बसून होते.

आता वावर आमच्या दोघांच्या नावावर झालं आहे. परवा टेकाडाच्या पायथ्याशी नवीन खड्डे मारलेले दिसले, एका रांगेत. वीज बाहेर नेणाऱ्या तारांचे खांब लागणार असं राखणदार म्हणतो. तारा कोणाच्या वावरावरून जाणार, ते त्याला माहीत नाही. पांढरी गाडी बदलली, माणूसही बदलला. हा नवा जास्त नम्र आहे. मी त्याला नकाशा मागितला. सोमवारी घेऊन येतो म्हणाला. तो सोमवार होऊन गेला. काल भाऊंना विचारलं, तुमच्याकडे कोणी आलं होतं का?

"नाही आलं," ते म्हणाले.

मी हो म्हणाले आणि उद्याची चिखलीची एसटी किती वाजता आहे ते यजमानांना विचारलं.